झाड, ज्वारी आणि शेळी: सोलापूरच्या कोरडवाहू शेतात तिघांना एकत्र कसे नांदवावे

सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्यापुढे शेतात झाडे लावण्याचा विषय काढला, की पहिली हरकत येते ती "झाडाखाली ज्वारी येत नाही" ही. ही हरकत खरी आहे, आणि तिला बगल देऊन दिलेला कोणताही सल्ला आपल्या भागात टिकणार नाही. आपला पाऊस वर्षाकाठी साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर. तोही जून-जुलैत थोडा पडतो, मग मोठा खंड पडतो आणि खरा भरवशाचा पाऊस सप्टेंबरातच येतो. रब्बी ज्वारी या सप्टेंबरच्या ओलीवर पेरली जाते आणि पुढचे चार महिने जमिनीत मुरलेल्या पाण्यावरच कणसापर्यंत जाते. अशा शेतात झाड आणणे म्हणजे त्याच ओलीवर आणखी एक वाटेकरी बसवणे होय. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात पिकांमध्ये सुबाभळीच्या ओळी लावून प्रयोग झाले, तेव्हाही कमी पावसाच्या प्रदेशात झाडाची आणि पिकाची ओढाताण पाण्यावरूनच होते, हे दिसून आले.

म्हणून माझ्या मते झाड कोणते लावावे, या प्रश्नाच्या आधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत: ते झाड कोणत्या महिन्यांत पाणी पिते, आणि आपण त्याला कोणत्या महिन्यात छाटणार आहोत. छाटलेल्या झाडाला पाने नसतात आणि पाने नसली की त्याची पाण्याची ओढ फार कमी होते. परंतु वर्षातून दोनदा शंभर-दोनशे झाडे छाटणे हे कष्टाचे काम आहे, आणि दारात तो पाला खाणारे जनावर नसेल तर ते काम पुढे ढकलले जाते. गोठ्यात शेळी असली की छाटणी वेळेवर होते, छाटणी वेळेवर झाली की ज्वारीला ओल उरते, आणि शेळीच्या लेंडीने तीच जमीन पुढच्या वर्षी थोडी जास्त पाणी धरते. झाड, पीक आणि जनावर यांचा संबंध आपल्याकडे हा असा आहे. पुढील सर्व पायऱ्या याच हिशोबाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: जमिनीची खोली आणि पाण्याची वाट

कागदावर नकाशा काढण्यापूर्वी मोठा पाऊस पडत असताना घोंगडे किंवा इरले घेऊन एकदा संपूर्ण शेत फिरावे. पाणी कोठून आत येते, कोणत्या बांधाला तटते, कोठे बांध फोडून जाते आणि माती कोठे साचते, हे त्या अर्ध्या तासात जेवढे कळते तेवढे उन्हाळ्यात महिनाभर पाहूनही कळत नाही. त्यानंतर उघडीप मिळाल्यावर शेताच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात पहारीने एकेक खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजावे.

या खोलीवरच पुढचे सर्व अवलंबून आहे. दोन फुटांहून अधिक काळी माती असेल, तर ती जागा मालदांडीसारख्या रब्बी ज्वारीची आणि हरभऱ्याची आहे. तेथे आतल्या भागात झाड आणू नये, फक्त बांध वापरावा. एक ते दोन फूट माती असेल, तर तेथे मूग, मटकी, हुलगा यांसारखी कमी दिवसांची खरीप पिके आणि त्यांच्यामध्ये फळझाडांच्या ओळी हा मेळ उत्तम बसतो. फूटभरही माती नसेल आणि मुरूम उघडा पडला असेल, तर तेथे नांगर घालून दरवर्षी बियाणे वाया घालवण्यापेक्षा ती जागा गवत आणि चाऱ्याची झाडे यांना कायमची देऊन टाकावी.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झाले ते अशाच उघड्या माळरानासाठी, आणि काळवीट, लांडगा, माळटिटवी हे जीव दाट झाडीत राहत नाहीत. आपल्या मालकीच्या माळावर पवना, मारवेल किंवा कुसळीचे गवत चांगले उभे असेल, तर तेथे झाडांची गर्दी करू नये. बांध दुरुस्त करावेत, गवत राखावे आणि वर्षातून एकदाच कापून न्यावे. झाडे लावायची ती उघड्या पडलेल्या आणि खरवडलेल्या जागेवर.

दुसरी पायरी: पाच एकरांचा आराखडा

आमच्या बाजूला पुष्कळ शेते ओढ्याकडे उतरती असतात, म्हणून उदाहरणादाखल तसेच पाच एकरांचे एक शेत धरू: वरचा एक एकर मुरमाड, मधले दोन एकर हलके ते मध्यम आणि खालचे दोन एकर काळे.

वरच्या मुरमाड एकरात उताराला आडवे समतल चर काढून चराच्या खालच्या भरावावर अंजन, बाभूळ आणि देशी बोर यांची बी टोकावी, आणि दोन चरांच्या मधल्या पट्ट्यात मारवेल किंवा पवन्याचे ठोंब व स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक लावावे. झाडे १० बाय १० मीटरवर धरली, तर एकरात साधारण ४० बसतात, आणि गवताला ऊन मिळण्यासाठी तेवढी विरळता आवश्यक आहे. हा एकर म्हणजे गोठ्याचे पेव, म्हणजे चाऱ्याचे कोठार आहे, असे समजून त्याच्याकडे पाहावे.

मधल्या दोन एकरांत बोर किंवा सीताफळ. १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेतून ही दोन्ही झाडे आपल्या माळांवर पोहोचली आणि कमी पाण्यावर ती टिकतात हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. दोन ओळींमधील अंतर ठरवताना पुस्तकातील आकड्यापेक्षा आपली पाभर किंवा पेरणी यंत्र आधी मोजावे. ४५ सेंटिमीटर अंतराच्या चार फणांच्या पाभरीची एक फेरी १.८ मीटर जाते; तीन फेऱ्यांना ५.४ मीटर लागतात आणि झाडाच्या दोन्ही बाजूंना मीटर-सव्वा मीटर जागा सोडली, की ओळींत ८ मीटर अंतर बरोबर जमते. ८ बाय ६ मीटरवर एकरी साधारण ८४ झाडे बसतात. अंतर यंत्राच्या पटीत नसेल, तर प्रत्येक ओळीशेजारी अर्ध्या फेरीची पट्टी पडून राहते, तेथे तण माजते आणि तिसऱ्या वर्षी माणूस वैतागून झाडे काढून टाकतो.

बोर आणि सीताफळ यांतून एकाची निवड करताना त्यांचे वर्षाचे वेळापत्रक पाहावे. सीताफळ मार्च ते मे जवळजवळ निष्पर्ण असते, फळ सप्टेंबर ते नोव्हेंबरात येते आणि त्याच्या पानांना शेळी तोंड लावत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. ज्यांच्या शेतात मोकाट जनावरांचा त्रास आहे त्यांनी डोळे मिटून सीताफळ लावावे. बोराची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते, जूनला नवी फूट येते आणि फळ डिसेंबर-जानेवारीत तयार होते. म्हणजे ते नेमके रब्बीत पाणी पिते. म्हणून बोराच्या ओळींमध्ये रब्बी ज्वारी किंवा जानेवारीपर्यंत उभी राहणारी तूर न घेता, ऑगस्ट-सप्टेंबरात निघून जाणारा मूग किंवा मटकी घ्यावी आणि पुढे ती ओल बोराला सोडून द्यावी. देशी बोराची बी जागेवरच लावून पुढे त्यावर उमराण, कडाका किंवा मेहरूण या जातींचा डोळा भरणे (म्हणजे त्या जातीची कळी बसवून कलम करणे) हे रोपवाटिकेतून कलम आणण्यापेक्षा आपल्या भागात अधिक चांगले ठरते, कारण जागेवर उगवलेल्या बोराचे सोटमूळ तुटलेले नसते.

खालच्या दोन एकरांत आत काहीही नाही. फक्त बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) एक-एक मीटरवर आणि त्यांच्यामध्ये पाच-सहा मीटरवर रामकाठी बाभूळ. साधी बाभूळ छत्रीसारखी पसरते, रामकाठी मात्र खराट्यासारखी सरळ वर जाते आणि तिची सावली अरुंद पडते. आपल्या जुन्या माणसांनी बांधासाठी हीच बाभूळ राखली ती विचार करूनच. तिच्या बियांतून काही रोपे पसरट निघू शकतात, ती दुसऱ्या वर्षी ओळखून काढून टाकावीत.

चिंच आणि अंजन लावताना एक कायद्याची बाब ध्यानात असू द्यावी. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत ही दोन्ही झाडे आहेत. स्वतःच्या शेतातील असली तरी ती तोडण्यासाठी परवानगी लागते. त्यामुळे लागवड झाल्यावर ई-पीक पाहणीत झाडांची संख्या नोंदवावी आणि सातबाऱ्यावर ती आली आहे का, हे तलाठ्याकडे पाहून घ्यावे. सामाईक बांधावर मात्र काहीही लावू नये. झाड मोठे झाल्यावर ते कोणाचे, यावरून भावाभावांत उभे राहिलेले वाद मी जवळून पाहिले आहेत. त्यापेक्षा दोन-तीन मीटर आत सरकून आपल्याच हद्दीत ओळ धरलेली बरी.

दिशा, सावली आणि पाखरे

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ज्वारी शेतात उभी असते त्या डिसेंबरअखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो, आणि सहा मीटर उंचीच्या झाडाची सावली उत्तरेकडे पाच मीटरांपेक्षा थोडी जास्त पडते. याचा सरळ अर्थ असा, की शेताच्या दक्षिण बांधावर उंच झाड लावले तर त्याची सावली संपूर्ण रब्बीभर आपल्याच पिकावर पडणार. दक्षिण बांधावर फक्त छाटून बुटके ठेवलेले गिरिपुष्प असावे, आणि उंच झाडे उत्तर बांधावर, तेही उत्तरेला ओढा, वाट किंवा आपलेच दुसरे शेत असेल तर. शेजाऱ्याची ज्वारी असेल, तर आपली सावली त्याच्या पोटावर जाईल याचे भान ठेवावे. पश्चिमेकडून येणारे उन्हाळी झळांचे वारे अडवण्यासाठी पश्चिम बांधावर मध्यम उंचीची दाट ओळ चालते.

पाखरांचा प्रश्नही खरा आहे. उंच झाडावर बसलेली चिमण्यांची आणि पोपटांची झुंड खालच्या ज्वारीत उतरते आणि त्या बाजूची कणसे रिकामी होतात. उंच झाडांच्या बाजूला आठ-दहा ओळी ज्वारीऐवजी हरभरा किंवा करडई घेतली, तर हे नुकसान पुष्कळ टळते, आणि करडईच्या काट्यांमुळे वाटेवरून जाणारी जनावरेही आत शिरत नाहीत.

तिसरी पायरी: खड्डे, लागवड आणि टँकरचा हिशोब

खड्डे मार्च-एप्रिलमध्येच काढून उन्हाने तापू द्यावेत. बोर व सीताफळासाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल, चिंचेसाठी तीन फुटांचे, तर बांधावरच्या गिरिपुष्पासाठी फूट-दीड फुटाचे पुरतात. भरताना वरची माती, दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी थोडी निंबोळी पेंड टाकावी. अर्धे कच्चे शेणखत टाकले, तर वाळवीला आपणच आमंत्रण दिल्यासारखे होते.

बाभूळ, बोर, अंजन, सीताफळ यांची बी जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर जागेवर टोकावी. बाभळीची बी शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातून गोळा केलेली घ्यावी. शेंगा खाल्ल्यावर पोटातून गेलेल्या बीचे कवच मऊ झालेले असते आणि ती लवकर रुजते. सुबाभळीच्या बीवर उकळून थोडे निवालेले पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवावे लागते. पिशवीतील रोपे मात्र जूनमध्ये लावण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. आमच्याकडे जुलै-ऑगस्टचा खंड ठरलेला असतो आणि त्यात जूनची रोपे माना टाकतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावलेले रोप पुढच्या भरवशाच्या पावसात अंग धरते. गिरिपुष्पही शक्यतो रोपापासूनच लावावे; फांदी खोचून लावणे सोपे असले तरी तिला सोटमूळ नसते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ती पिकाच्या थरातूनच ओल ओढते.

आता पाण्याचा हिशोब, कारण किती झाडे लावायची हे यावरूनच ठरते. मधल्या दोन एकरांत १६८ झाडे लावली आणि पहिल्या उन्हाळ्यापर्यंत प्रत्येकाला आठवड्याला १० लिटर पाणी धरले, तर आठवड्याला १,६८० लिटर लागते. ५,००० लिटरचा एक टँकर तीन आठवडे पुरतो. नोव्हेंबर ते जून असे ३० आठवडे म्हणजे दहा टँकर झाले. आपल्याला पाचच टँकर परवडणार असतील किंवा शेततळ्यात तेवढेच पाणी उरणार असेल, तर झाडेही निम्मीच लावावीत आणि उरलेली पुढच्या वर्षी. रोपाशेजारी बुडाला बारीक भोक पाडून कापडाची वात घातलेले सहा-सात लिटरचे मडके पुरून तोंडावर खापरी ठेवली, तर दिलेले पाणी मुळाशीच जाते. मडक्याभोवती ज्वारीची धसकटे आणि काडीकचरा यांचे वीतभर आच्छादन करावे.

चौथी पायरी: स्वतःच्याच जनावरांपासून राखण

झाडांचा सर्वांत मोठा शत्रू दुष्काळ नव्हे, तर मोकाट चराई. आमच्या पहिल्या लागवडीतील सुबाभळीची चाळीसेक रोपे एका दुपारी आमच्याच तीन शेळ्यांनी संपवली. दावे तुटले होते आणि घरी कोणी नव्हते. तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो: झाडाचा शेंडा शेळीच्या मागच्या दोन पायांवर उभ्या राहून पोहोचण्याच्या उंचीपेक्षा वर, म्हणजे किमान सहा फूट जाईपर्यंत त्या तुकड्यात जनावर सोडायचे नाही. पावसाच्या मानाने याला दोन ते तीन वर्षे लागतात.

कुंपणासाठी तारेचा खर्च करण्याची आवश्यकता नसते. बोराच्या छाटणीतून निघालेली बोराटी आणि बाभळीच्या काटेरी फांद्या प्रत्येक रोपाभोवती बुंधा खाली करून घट्ट रोवाव्यात. पहिल्या वर्षी ही बोराटी शेजाऱ्याकडून मागून आणावी लागते, पुढे आपल्याच शेतात निघते. मेंढपाळ दरवर्षी ज्या वाटेने येतात त्या वाटेच्या बाजूने ओळी बांधाव्यात आणि त्यांच्याशी आधीच बोलून ठेवावे. कोठे रोपे आहेत हे सांगितले, तर ते स्वतःहून मेंढरे वळवतात.

पाचवी पायरी: छाटणी

हे या सर्व व्यवस्थेचे मर्म आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

गिरिपुष्पाची पहिली छाटणी लावल्यापासून साधारण दीड वर्षाने, खोड अंगठ्याहून जाड झाल्यावर करावी. जमिनीपासून तीन फूट सोडून धारदार कोयत्याने तिरका घाव घालावा. बोथट कोयत्याने खोड चिरते आणि त्या चिरेतून ते वाळत जाते. त्यानंतर दरवर्षी दोन छाटण्या: एक जुलैत आणि दुसरी रब्बीच्या पेरणीपूर्वी, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. दुसरी छाटणी चुकवू नये. ती झाली की बांधावरचे झाड पुढचे पाच-सहा आठवडे जवळजवळ पानांविना उभे राहते, आणि नेमक्या त्या काळात ज्वारीचे रोप मूळ खाली सोडत असते. एका वर्षी घरात आजारपण असल्याने आमची सप्टेंबरची छाटणी राहून गेली. डिसेंबरमध्ये त्या बांधालगतच्या सहा ओळी कमरेएवढ्या राहिल्या आणि सातव्या ओळीपासून ज्वारी डोक्याच्या वर गेली. पलीकडच्या छाटलेल्या बांधाला मात्र दोनच ओळी दबल्या होत्या.

निघालेल्या पाल्याची विल्हेवाट दोन प्रकारे होते. जुलैचा पाला कोवळा असतो, तो गोठ्याकडे जावा. सप्टेंबरचा पाला पेरणीपूर्वी शेतात पसरून कुळवाच्या पाळीने मातीत मिसळावा. हिशोब असा: गिरिपुष्पाच्या एक टन ताज्या पाल्यात वाळल्यावर साधारण २०० ते २५० किलो उरते आणि त्यात तीन टक्क्यांच्या आसपास नत्र असते, म्हणजे टनामागे सहा-सात किलो. मध्यम ते भारी जमिनीतील कोरडवाहू ज्वारीला एकरी २० किलो नत्र धरले आणि त्यातले निम्मे पाल्यातून द्यायचे ठरवले, तर एकरी दीड टन पाला हवा. चौकोनी एक एकराचा घेर सुमारे २५० मीटर असतो. तेवढ्या बांधावर मीटरभर अंतराने २५० झाडे बसतात, आणि तीन वर्षांच्या झाडाचा एका छाटणीत तीन किलो पाला धरला तर एका छाटणीत पाऊण टन मिळतो. म्हणजे एकट्या सप्टेंबरच्या छाटणीने गरज पूर्ण भागत नाही. उरलेले नत्र लेंडी खताने आणि थोड्या युरियाने भरून काढावे. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे, आणि रब्बी ज्वारीला नत्राचा काही भाग सुबाभळीच्या पाल्यातून देण्याचे दीर्घकालीन प्रयोगही येथे झाले आहेत. पाला फक्त नत्र देत नाही. त्याने काळ्या जमिनीला भेगा कमी पडतात आणि ओल जास्त दिवस राहते, हे हात घालून पाहिले की कळते.

सुबाभूळ मी ज्वारीच्या बांधावर लावण्याच्या विरुद्ध आहे. तिची जागा वरच्या मुरमाड तुकड्यात किंवा विहिरीच्या दांडालगत. शेंगा धरण्याआधी ती छाटलीच पाहिजे, अन्यथा बी उधळून दोन वर्षांत शेतभर सुबाभूळ उगवते आणि मग ती काढता काढता पिढी जाते.

बाभूळ आणि कडुनिंबाची छाटणी वेगळी असते. बांधावरच्या बाभळीच्या खालच्या फांद्या दरवर्षी उन्हाळ्यात काढत जाऊन खोड आठ-दहा फुटांपर्यंत मोकळे करावे, म्हणजे सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणे खालून पिकापर्यंत पोहोचतात. झाड तीन-चार वर्षांचे झाले, की खोडापासून सव्वा ते दीड मीटरवर, फक्त पिकाच्या बाजूने, फूटभर रुंद आणि दोन फूट खोल चर उन्हाळ्यात घेऊन आडवी मुळे तोडावीत आणि चर पुन्हा बुजवावा. आम्ही प्रथम असा चर घेतला तेव्हा दीड फुटावर मनगटाएवढे एक मूळ बांधापासून सरळ ज्वारीच्या तुकड्यात गेलेले सापडले. झाड मात्र तेव्हा माझ्या उंचीच्या दुप्पटही नव्हते. दोन्ही बाजूंनी मुळे कधीही तोडू नयेत, वादळी वाऱ्यात झाड आडवे होते. हे काम दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावे लागते.

बोराची एप्रिल-मेमधील छाटणी झाल्यावर फांद्या दोन-तीन दिवस खळ्यावर वाळू द्याव्यात आणि काठीने झोडपून पाला वेगळा करावा. तो पाला पोत्यात भरून ठेवला, की जूनमध्ये शेळ्यांना आधार होतो, आणि काटे कुंपणाला जातात. एका छाटणीतून झाडाला नवी फूट, शेळीला चारा आणि रोपांना कुंपण अशी तिन्ही कामे होतात.

सहावी पायरी: जनावरे, शेवटी आणि मोजून

शेळ्या आधी आणून मग चाऱ्याची सोय करणारे बहुतेक लोक तिसऱ्या उन्हाळ्यात त्या बाजारात नेतात. वरच्या आराखड्यात झाडे लागल्यावर तिसऱ्या वर्षीच शेळ्या आणाव्यात आणि त्याही पाचापासून सुरुवात करावी. आपल्या हवेला उस्मानाबादी शेळी सर्वांत सोईची. ३० ते ३५ किलोच्या शेळीला दिवसाला साधारण एक ते सव्वा किलो सुका चारा लागतो. सव्वा किलो धरला तर पाच शेळ्यांना महिन्याला १८०-१९० किलो. खरी ओढ एप्रिल ते जून या तीन महिन्यांची असते, म्हणजे साडेपाच क्विंटलांच्या आसपास साठा फेब्रुवारीअखेर घरात दिसला पाहिजे: तूर-हरभऱ्याचे भुसकट, नोव्हेंबरात सावलीत वाळवलेला सुबाभळीचा पाला, आणि वरच्या एकरातले कापून रचलेले गवत. याच महिन्यांत बाभळीच्या शेंगा गळतात, ती निसर्गाने दिलेली भर. त्या शेंगांत तुरटपणा देणारा टॅनिन असतो, म्हणून त्या भुसकटात मिसळून बेतानेच द्याव्यात.

साडेपाच क्विंटल जमत नसेल, तर शेळ्यांची संख्या कमी करावी. येथे दया दाखवून उपयोग नाही. अपुऱ्या चाऱ्यावरची शेळी प्रथम आपलीच झाडे सोलते.

पाला खाऊ घालताना काही पथ्ये पाळावी लागतात. सुबाभळीत मिमोसिन हा घटक असतो, त्याने केस गळतात आणि जनावर खंगते; म्हणून एकूण चाऱ्यात तिचा वाटा एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नये. गिरिपुष्पाचा वास शेळ्यांना सुरुवातीला आवडत नाही. कापल्यावर एक दिवस सुकवून, थोडा शेवरीच्या पाल्यात मिसळून दिला, की आठ-दहा दिवसांत त्या खाऊ लागतात. पाला जमिनीवर टाकला तर निम्मा तुडवला जातो. आमच्याकडे दरवर्षी उतरणारे एक वयस्क मेंढपाळ गोठा पाहून म्हणाले होते, "दादा, शेळीची मान वर असते, डहाळा वर टांगा." त्या दिवसापासून आम्ही डहाळ्यांच्या पेंढ्या आडव्या वाशाला बांधतो आणि नासाडी जवळजवळ थांबली आहे.

पावसाने ओढ दिल्यावर सुकत चाललेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेला ज्वारीचा खोडवा कोणत्याही जनावराला खाऊ देऊ नये. त्यात विषारी अंश वाढतो आणि किराळ लागून, म्हणजे त्याची विषबाधा होऊन, जनावर तासाभरात दगावू शकते. जंतनाशक पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, आणि आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवून टाकावे.

खिलार बैल किंवा दुभती म्हैस असेल, तर तिच्यासाठी कडबा हाच मुख्य चारा राहील. पाला हा जोड आहे. मोठी जनावरे झाडांच्या तुकड्यात मोकळी सोडण्यापेक्षा चारा कापून गव्हाणीत आणावा, कारण ओल्या काळ्या जमिनीवर त्यांच्या खुरांनी माती घट्ट होते आणि पुढच्या पावसाचे पाणी मुरत नाही.

ज्वारीची काढणी फेब्रुवारीत आटोपली, की खालचे दोन एकर मोकळे होतात. त्या वेळी मेंढपाळांना बोलावून चार-पाच रात्री शेतात मेंढरे बसवावीत. वाडा दररोज एका पट्ट्याने पुढे सरकवायला सांगावे, म्हणजे लेंडी आणि मूत्र संपूर्ण तुकड्यावर सारखे पडते. एकाच जागी दोन रात्री वाडा राहिला, तर तेथे पुढच्या वर्षी ज्वारी माजून लोळते. मोबदला धान्यात द्यायचा की पैशात, ते आधी ठरवावे. मेंढरे येण्याच्या आदल्या दिवशी बांधावरील तीन वर्षांखालच्या प्रत्येक रोपाभोवतीची बोराटी हाताने हलवून पाहावी आणि सैल झालेली पुन्हा ठोकून बसवावी.